तोंड सरळ होईपर्यंत

ज्या सकाळी माझं तोंड वाकडं झालं, त्या सकाळी मी तीन ताटं वाकडी म्हणून बाजूला काढून ठेवली.

मोताळ्याला माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. दुकान उघडलं की पहिलं काम ठरलेलं. पुढची ताटं फडक्यानं पुसायची, उजेडाकडे तिरपी धरायची आणि कुठे पोचा आलाय का ते पाहायचं. पोचा आलेलं ताट माणसाचं तोंड वाकडं दाखवतं. त्या दिवशी पहिल्या ताटात माझा डावा गाल ओघळलेला दिसला. ठेवलं बाजूला. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात पुन्हा तेच. मी संतापून ठोक व्यापाऱ्याला फोन लावला आणि त्याला झापायला सुरुवात केली.

तो शांतपणे म्हणाला, "वासुदेवभाऊ, पान थुका आधी. काई समजून नाई राह्यलं."

तोंडात पान नव्हतं. फोन ठेवला, चहाचा घोट घेतला, तर तो घशात न जाता सदऱ्यावर उतरला. चहा घेऊन आलेला पांडू माझ्याकडे पाहत दोन पावलं मागे सरकला.

"भाऊ," तो म्हणाला, "ताटं ठीक हायेत."

आठ्या न पडण्याचं सुख

बायको सुनंदा आणि धाकटा भाऊ गजू यांनी मला जीपमध्ये घातलं आणि राजूर घाट चढून बुलढाण्याला नेलं. सुनंदा पूर्ण घाटभर रडत होती. मी तिला धीर द्यायला हसायचो आणि माझं ते हसू पाहून ती आणखी रडायची. शेवटी मी हसणं बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, भुवया उडवा. एकच उडाली. म्हणाले, कपाळाला आठ्या पाडा. अर्ध्याच कपाळाला पडल्या. हे पाहून डॉक्टरांचा चेहरा खुलला. अर्ध्या कपाळाला आठ्या पडत नाहीत म्हणजे मेंदूचं दुखणं नव्हे, चेहऱ्याच्या नसेला सूज आलीय, असं त्यांनी सांगितलं. बहुतेक लोक काही महिन्यांत बरे होतात. आठी पाडता न आल्याबद्दल माझं कौतुक झालं ते आयुष्यात त्या एकदाच.

साखरही वाढलेली निघाली, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं तोंड असं झालं असेल, तर एवढंच सांगतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझ्या खाटेशी एक दूरचे मेहुणे पिशवीत जिवंत कबूतर घेऊन आले होते. कबुतराचं रक्त गालाला चोळलं की लकवा उतरतो म्हणे. मी कबुतराकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. दोघांचीही इच्छा नव्हती. नर्सबाईंनी त्या दोघांना, म्हणजे मेहुणे आणि कबूतर यांना, बाहेर काढलं.

मिटत नसलेल्या डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर चिकटपट्टी, गोळ्या, आणि पेज. पेज एका कोपऱ्यातून आत जायची, दुसऱ्यातून बाहेर यायची. ते दोन दिवस गजूनं मला चमच्यानं भरवलं, हनुवटीखाली रुमाल धरून. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे त्याच्याबद्दल जे सांगायचं आहे त्याच्या आधी हे सांगणं भाग आहे.

भीती मला एकाच गोष्टीची होती. दुकान हा माझा धंदा, पण माझा जीव माईकमध्ये. आसपासच्या गावांत लग्न असलं की पाहुण्यांची नावं पुकारायला, सत्कार लावायला आणि नवरदेव वेळेवर आला नाही तर किस्से सांगून मांडव धरून ठेवायला मला बोलावतात. आता ओठच मिटेना, तर प आणि म म्हणणार कसे? 'प्रमुख पाहुणे' हे दोन शब्द माझ्या तोंडून वाऱ्यासारखे सुटायचे.

डोळेमार शेठ

डावी पापणी मिटत नव्हती, उजवी मिटत होती. पापणी लवणं काही माणसाच्या हातात नसतं. त्यामुळे मी येता-जाता, जागेपणी, सगळ्यांना डोळा मारत होतो.

शेक आणि व्यायामासाठी रोज एसटीनं बुलढाण्याला जायचो. गाडीला कंडक्टर बाई होत्या. तिकीट हातात देताना त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"काका, घरी लेकीसुना हायेत ना?"

"हायेत ना."

"मंग लाज नाही वाटत?"

"बाई, हा आजार हाय माहा," मी म्हणालो. आणि बोलता बोलता पुन्हा डोळा मारला.

मागून कोणीतरी ओरडलं, "आजारच म्हना त्याले!" अख्खी गाडी हसली. एका पोरानं हे सगळं मोबाईलमध्ये घेतलं, खाली एक फिल्मी गाणं जोडलं आणि सोडून दिलं. मी त्या दिवशी दवाखान्यातून परत येईपर्यंत मोताळ्यात माझं नाव पडलं होतं. डोळेमार शेठ.

खरं सांगू? सुरुवातीला मला मजा आली. दुकानात गर्दी वाढली. कढई घ्यायला आलेला माणूस आधी माझा डोळा पाहायचा, मग कढई. मीही हौसेनं मारायचो, एक डोळा, कढईवर फुकट. लोकांना हसवणं हाच तर माझा जुना धंदा. हे हसू कोणाच्या पाठीवर जाऊन पडतंय, ते मला ठाऊक नव्हतं.

ओढणीतली पोरगी

व्यायामाच्या खोलीत माझ्या शेजारी अकरावीतली एक पोरगी बसायची. तिलाही हेच झालं होतं. आत येईपर्यंत तोंड ओढणीत, फक्त डोळे बाहेर. आरशासमोर बसून आम्ही गाल फुगवायचे, शीळ घालायची, मेणबत्ती फुंकायची. दोघांच्याही मेणबत्त्या जळतच राहायच्या.

एकदा तिनं विचारलं, "काका, तुम्ही काऊन नाही झाकत तोंड?"

"दुकानदारानं तोंड झाकलं तर उधारीवाले खूश होतात, बेटा. तू काऊन झाकतं?"

"कॉलेजात मले तिरपी म्हणतात. मैत्रीणच म्हणली पहिल्यांदा. मंग सगळे." ती आरशात पाहत म्हणाली. "आता मी जातच नाही."

मी तिला माझा डोळेमार शेठचा व्हिडिओ दाखवला. ती हसली. अर्ध्या तोंडानं हसली, मी उरलेल्या अर्ध्या तोंडानं हसलो, आणि आरशात दोन्ही मिळून एक पूर्ण हसू दिसलं. त्या काळात मला मिळालेली ही सगळ्यात छान गोष्ट. ती पुढे कॉलेजात गेली की नाही, मला माहीत नाही. तिची वेळ बदलली आणि भेट राहिली.

दीपाली

आता माझी लेक. दीपाली बी.एस्सी. झालेली, शिकवणीच्या वर्गात आठवी-नववीच्या पोरांना विज्ञान शिकवायची. ती फळ्यावर आकृती काढून मागे वळली की शेवटच्या बाकावरची सगळी पोरं एकदम एक डोळा मिटायची. तिनं घरी चकार शब्द काढला नाही. घसा बसलाय म्हणाली आणि वर्ग सोडला. मला हे फार उशिरा कळलं.

दीपाली सावळी आहे, माझ्यासारखी. तिला पाहायला पहिले पाहुणे आले तेव्हा भर दुपारी त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "जरा ट्यूब लावता का?" दुसऱ्यांनी निरोप धाडला, पोरगी गुणाची आहे, पण फोटोत जोडा शोभणार नाही. त्यानंतर स्थळं सुचवणाऱ्यांच्या तोंडी आमचं घर 'सावळ्या पोरीचं घर' झालं. सुनंदानं दीपालीच्या माहितीपत्रकात 'रंग सावळा' खोडून 'निमगोरा' घातलं, तेव्हा पोरगी खो खो हसली होती. "आई, निम गोरी म्हणजे कुठून कुठपर्यंत?" ते हसू मला खरं वाटलं होतं. हसण्याच्या धंद्यातला माणूस मी, तरी फसलो.

मग मंगेश आला. पिंपळगाव राजा या गावचा, बी-बियाण्यांचं दुकान चालवणारा. एका मैत्रिणीच्या हळदीत त्यानं दीपालीला पाहिलं आणि स्वतःहून नंबर मागितला. पोरगी कणीक मळता मळता मोबाईलकडे बघून हसायला लागली. त्याच्या घरचे पाहायला येण्याचा रविवार माझं तोंड वाकडं होण्याआधीच ठरला होता.

रविवार

मी त्या रविवारची तालीम केली. खुर्ची खिडकीशी, उजवी बाजू पाहुण्यांकडे. पोहे घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचा नाही, प आणि म असलेली वाक्यं टाळायची. डोळ्याला काळा चष्मा, विचारलंच तर मोतीबिंदू. दीपालीसमोर सगळा प्रयोग करून दाखवला. ती म्हणाली, "छान, बाबा." नवा सदराही शिवून आणला.

रविवारी सकाळी सुनंदा म्हणाली, "अहो, मलकापूरवरून मालाचा टेम्पो येऊन राह्यला म्हणे. उतरून घ्या तेवढा. पाव्हणे यायच्या आत येसाल."

नव्या सदऱ्यात दुकानावर गेलो. टेम्पो येईना. व्यापाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आज रविवार हाय, भाऊ. कोणता टेम्पो?" काहीतरी गफलत झाली असेल म्हणून मी धावतच घरी आलो. अंगणात अनोळखी चपला-बूट दिसले. पाहुण्यांसमोर घामेजून कुठे जायचं, म्हणून मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलो.

बैठकीतून गजूचा आवाज आला. "मी वासुदेव. पोरीचा बाप. आमचं मोताळ्यात भांड्यायचं दुकान हाय."

कोणीतरी विचारलं, "अन् तुमचे भाऊ? माहितीपत्रकात गजानन म्हणून नाव हाय."

"तो पुण्याले असते. येनं होत नाही त्याचं."

मी पुण्यात राहतो, हे मला अशा रीतीनं स्वयंपाकघरात उभ्यानं कळलं.

मग गजूनं माझा किस्सा सांगितला. संग्रामपूरचा घोडा नवरदेवासकट भलत्याच मांडवात शिरतो, तो माझा हुकमी किस्सा. त्यानं घोडा कुठे शिरला ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. तरीही लोक हसले. त्या क्षणी कशाचा राग जास्त आला, नाव घेतल्याचा की किस्सा बिघडवल्याचा, मी आजही सांगू शकत नाही.

सुनंदानं मला पाहिलं आणि दारात आडवी उभी राहिली. "अहो, पाया पडतो तुमच्या, आत नका जाऊ."

तिच्यामागे दीपाली होती, हातात पोह्यांचा ट्रे. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही ट्रे खाली ठेवेल.

"बाबा, आज नको ना," ती कुजबुजली. "फक्त आज."

आणि पदर सावरून आत गेली. तिचा आवाज मला नीट ऐकू आला, वर्गात शिकवायची तसा स्वच्छ.

"बाबा, तुम्हाला चहा आणू की सरबत?"

"सरबत आन, बेटा," गजू म्हणाला.

मी मागच्या दारानं बाहेर पडलो. गोठ्याजवळच्या दगडावर बसलो. सगळ्यात आधी सदरा काढून घडी घातली.

संध्याकाळी घरात पेढे होते. गजू म्हणाला, "दादा, राग नको मानू. तोंड सरळ झालं की तूच बसशीन ना सगळीकडे."

"अन् सरळ झालंच नाही तं?"

यावर दीपालीच बोलली. रडली नाही, ओरडली नाही.

"बाबा, दोनदा मले माझ्या रंगावर नाही म्हटलं. मी काहीच केलं नव्हतं तेव्हा. तिसऱ्यांदा तुमच्या तोंडावर नाही म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं? ट्यूब लावली असती?"

तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. जे लोक तिच्याशी असं वागले, त्यांच्याकडूनच ती हे शिकली होती, आणि पहिला धडा माझ्यावर गिरवला गेला होता.

बाजाराचा दिवस

या आजारात एक गोष्ट पक्की समजून असा, बरं होणं रांगत येतं. एक दिवस 'प' परत आला. मग पापणी अर्धी मिटायला लागली. तोंड अजून वाकडंच होतं, तेव्हा मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी एक धोतर-टोपीवाले गृहस्थ दुकानात शिरले. वरची पाटी त्यांनी मोठ्यानं वाचली. मग मला म्हणाले, "वासुदेवराव कुठी गेले? म्या पिंपळगाव राजाचा हरिभाऊ. त्यायचा होणारा व्याही."

काय करावं? 'पुण्याले गेले' म्हणायचं तोंडावर आलं होतं. एका वाक्यात मी सगळ्यांचा हिशोब चुकता करू शकत होतो. मला घरच्यांनीच लपवलं, एवढं खरं सांगायचं आणि गप्प बसायचं. पण डोळ्यांसमोर आली ती कणीक मळता मळता हसणारी पोरगी.

"बसा," मी म्हणालो. "मीच वासुदेव."

हरिभाऊंनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला. "मंग त्या दिवशी कोन होतं बैठकीत?"

"माझा धाकटा भाऊ. म्याच बसवलं त्याले."

"अन् माझ्या पोरानं तुमचा तो मोबाईलमधला व्हिडिओ पाह्यला होता. त्यानं दीपालीले इचारलं, हे भांड्यावाले तुमचे कोन? ती म्हणली, कोनी नाही, शेजारचे हायेत!" त्यांनी गल्ल्यावर हात आपटला. "हे बी तुम्हीच सांगतलं का?"

हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी ती घाबरली होती, असं मी तोवर स्वतःला समजावत आलो होतो. पण मंगेशशी फोनवर बोलताना समोर पाहुणे नव्हते. कोणी नाही. शेजारचे.

"हाव," मी म्हणालो. "ते बी म्याच सांगतलं."

आणि नेमकी त्याच वेळी माझी उजवी पापणी लवली.

हरिभाऊ तोंड उघडं टाकून पाहत राहिले. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "असं होय!" ते मांडीवर थाप मारून ओरडले. "आमची परीक्षा घेऊन राह्यले होते! सोयरे कसे हायेत, पाह्यत होते! अरे बाप्पा, लय बिलंदर मानूस हाय हा!" हसता हसता त्यांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं, पितळी लोट्यात. त्यांनी घरी जाऊन ही गोष्ट इतक्या चवीनं सांगितली की ते लग्न मोडायचं तर सोडाच, चार दिवस अलीकडे आलं.

डोळेमार शेठचा बिलंदर व्याही झाला. चेहरा तोच होता.

घरी मी एवढंच सांगितलं की हरिभाऊ येऊन गेले, सगळं ठीक आहे. गजूनं हुश्श केलं. दीपालीनं विचारलं, "काही म्हणाले का ते?" मी म्हणालो, "विशेष नाही. शेजारच्यांची चौकशी केली." तिनं मान खाली घातली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

लग्न

लग्नापर्यंत तोंड सरळ झालं. मुलीचा बाप म्हणून मीच उभा राहिलो, फोटोत मधोमध. माईक मात्र दुसऱ्याकडे दिला होता. तो बरा बोलला.

एक गोष्ट डॉक्टरांनी मला आदल्याच आठवड्यात समजावून सांगितली होती. नस पुन्हा वाढते तेव्हा कधी कधी तिची वाट चुकते. लाळेकडे जायचा धागा डोळ्याकडे वळतो. मग माणूस जेवायला लागला की त्या डोळ्यातून पाणी गळतं. दुःखाशी त्याचा काही संबंध नाही. तुम्हाला असं झालं तर घाबरू नका, जवळ रुमाल ठेवा.

पंगत बसली. मी जिलबीचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि डावा डोळा वाहायला लागला. समोरच्या पंगतीतल्या बाया थांबल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "पाहा ना माय, बापाचा जीव कसा तुटून राह्यला." सुनंदानं पदर डोळ्याला लावला. गजू येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हरिभाऊ हात जोडून म्हणाले, "व्याहीबुवा, पोरीले फुलावानी ठेवू."

दीपाली नवरीच्या शालूत, मुंडावळ्या सांभाळत धावत आली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, हातानं माझा डोळा पुसला आणि हमसून रडायला लागली.

"बाबा, नका ना रडू. मले माहीत होतं, तुम्ही मनात काही ठेवणार नाही."

मी तिला सांगायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. आता ते छान मिटतं.

तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिलबीचा दुसरा तुकडा घेतला.